थांबायची अट

रिकर्शन शिकवणाऱ्यानं पहिल्याच दिवशी सांगून टाकायला पाहिजे की हा प्रकार माणसाचं डोकं फिरवायला काढलेला आहे. फंक्शन म्हणजे प्रोग्रॅममधला एक कामकरी. त्याला काम सांगायचं, तो ते करून उत्तर आणून देतो. इथवर ठीक. पण रिकर्शनमधला कामकरी तेच काम जरासं कमी करून पुन्हा स्वतःलाच सांगतो, तो पुन्हा स्वतःला, आणि आपण नुसतं बघत बसायचं. आमच्या दुकानात असा गडी असता तर अण्णांनी त्याला पहिल्या दिवशीच घरी पाठवला असता.

चैताली मॅडमनी मात्र ते माझ्या डोक्यात शिरेल असं सांगितलं. मॅडम मूळच्या नेकनूरच्या. पुण्यात कंपनीत काही वर्षं काढून परत आल्या आणि परळीत एका झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत त्यांनी प्रोग्रॅमिंगचा क्लास काढला. त्या म्हणाल्या, "श्रावणात वैजनाथाला रांग लागते ना? तुझा नंबर कितवा ते तुला दिसत नाही. पुढच्याला विचार. त्यालाही माहीत नसतं, तो त्याच्या पुढच्याला विचारतो. असं विचारत विचारत प्रश्न गाभाऱ्याच्या दारात पोचतो. तिथला माणूस मागं वळून म्हणतो, माझा पहिला. मग उत्तर मागं यायला लागतं. दुसरा, तिसरा, चौथा. प्रत्येकानं फक्त एक मिळवायचा."

"आणि दारात कुणी नसलंच तर?" मी विचारलं.

"तर प्रश्न जातच राहील, उत्तर कधी येणार नाही. म्हणून थांबायची अट आधी लिहायची. बाकीचं मग."

आणि मी नेमकी तीच अट विसरायचे. किराणा दुकानात गल्ल्याशेजारी लॅपटॉप ठेवून माझा सराव चालायचा. शब्द उलटा कर, आकड्यांची बेरीज कर, दहापासून उलटे आकडे छाप. उलटे आकडे शून्यावर थांबायचे सोडून उणे एक, उणे दोन करत पार पाताळात जायचे आणि शेवटी पडद्यावर लाल अक्षरांत बोंब उठायची. मी टेबलावर मूठ आपटायचे. गिऱ्हाईक दचकून विचारायचं, "काय झालं ओ पोरीला?" अण्णा म्हणायचे, "शिकतीय. साखर किती देऊ?"

शिकण्याबद्दल अण्णांची तक्रार कधीच नव्हती. तक्रार होती पुण्याबद्दल. पुण्यातली एक कंपनी आमच्या क्लासमधून एकाला, फक्त एकाला, शिकाऊ म्हणून नेणार होती, आणि काम जमलं तर पुढं नोकरी. आम्ही चौघं होतो. घरी हे सांगितलं तेव्हा अण्णांनी हातातलं माप खाली ठेवलं.

"पुण्याला? कावून? आपलं दुकान हाय की. हितं बस, कॉम्प्युटरवर हिशोब कर, कोण न्हाई म्हणतंय?"

"मला दुकान न्हाई करायचं, अण्णा."

"मग नको करू. पण एकली पोरगी पुण्याला धाडायची म्हंजे... निवड झाली तर बघू. आन् न्हाई झाली तर हा इषय पुन्हा काढायचा न्हाई. कबूल?"

मी कबूल म्हणाले. आमच्या घरात 'बघू'चा अर्थ काय होतो ते मला लहानपणापासून पाठ आहे. मी एकवीस वर्षांची, कायद्यानं मला कुणाला विचारायची गरज नाही. पण कायदा काही आमच्या घरी जेवायला येत नाही. मैत्रिणींना मी मोठ्या तोऱ्यात सांगायचे की नाही म्हणाले तर भांडून जाईन. मनातून मला माहीत होतं, अण्णांच्या नाहीवर पाय देऊन मी जाणार नाही. म्हणून निवड व्हायलाच हवी होती. निवड झाली तर निदान त्या 'बघू'शी झगडता तरी येणार होतं. नाहीतर जन्मभर साखर किती देऊ.

परीक्षेला प्रत्येकानं रिकर्शन वापरून आपापला एक प्रोग्रॅम न्यायचा होता. कंपनीच्या राजश्री मॅडम पुण्याहून व्हिडिओवर बसणार, आपला पडदा त्यांना दिसणार, आणि त्या सांगतील तसे बदल त्यांच्यासमोर करायचे. माझ्या प्रोग्रॅमचं नाव होतं 'पिढ्या'. एखाद्याचं नाव द्या, त्याच्या घरच्या किती पिढ्या माहीत आहेत ते तो मोजून सांगायचा. वैजनाथाच्या रांगेसारखंच. पोरानं बापाला विचारायचं, बापानं त्याच्या बापाला, आणि ज्याच्या बापाचं नाव माहितीत नाही तिथं थांबायचं. सरावाला मी क्लासमधल्या सौरभच्या घरची नावं घातली होती. सौरभ, माणिकराव, हरिबा. उत्तर यायचं तीन. दहादा चालवून बघितलं, दहादा तीन. मी स्वतःवर लई खूश होते.

माझ्या आधी तेलगावचा पवन आत गेला होता. तो बाहेर आला तो हसतच. सौरभच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "लई सोप्पं हाय बे, टेन्शन नको घेऊ." माझ्याकडे बघून म्हणाला, "तुलाबी जमंल." मला त्याचा असा राग आला की विचारू नका. पवन हुशार आहे, आणि हुशार माणूस हसत बाहेर आला की बाकीच्यांनी काय समजायचं?

राजश्री मॅडम पन्नाशीच्या होत्या, केस बारीक कापलेले, आवाज शांत. शांत आवाजाची माणसं मला जास्त भीती घालतात. त्यांनी माझा प्रोग्रॅम चालवून घेतला, तीन आलं, त्यांनी मान हलवली.

"छान. आता ही नावं काढा आणि तुमच्या घरची घाला. माहिती विचारायला घरी फोन केला तरी चालेल. कोड मात्र तुमचा. सगळं मिळून अर्धा तास."

मला हसूच आलं. आमची वंशावळ मला झोपेतून उठवून विचारली तरी सांगेन. आणि हे सोपं आहे, कारण आमच्या घरात पुरुषांना नावंच मुळी दोन आहेत. आजोबाचं नाव नातवाला द्यायचं, ही रीत. अण्णा केदारनाथ, त्यांचे वडील रुद्रप्पा, त्यांचे वडील केदारनाथ, त्यांचे वडील रुद्रप्पा, आणि इकडे लातूरला कॉलेजात शिकणारा माझा भाऊ पुन्हा रुद्रप्पा. त्या थोरल्या रुद्रप्पाच्या वरचं कुणाला माहीत नाही. या रीतीपायी खरी पंचाईत झाली ती आईची. सासऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही, नवऱ्याचं तर नाहीच. म्हणजे स्वतःच्या पोटच्या पोराला हाक मारायची चोरी. ती त्याला अप्पा म्हणते. गावातल्या केदारेश्वराला नुसतं 'मोठा देव' म्हणते. मी तिला कितीदा म्हटलं असेन, नाव घेतल्यानं जीभ झडती का गं? तिचं उत्तर ठरलेलं. "तुजं लगीन होऊ दे, मग बघू तुजी जीभ किती चालती ते."

तर मी पटापटा टाइप केलं. रुद्रप्पाचा बाप केदारनाथ. केदारनाथचा बाप रुद्रप्पा. रुद्रप्पाचा बाप केदारनाथ. केदारनाथचा बाप रुद्रप्पा. मग प्रोग्रॅमला सांगितलं, रुद्रप्पाच्या पिढ्या मोज. उत्तर पाच यायला हवं होतं.

पडदा लाल झाला. एकच ओळ पुन्हा पुन्हा, आणि खाली तक्रार की हे फंक्शन स्वतःला बोलावत हजारेक वेळा खाली उतरलं आहे, आता यापुढे जाता येत नाही.

मला वाटलं, टायपिंगची चूक असेल. तपासलं. नव्हती. परत चालवलं. परत लाल. थांबायची अट विसरले का? नाही, अट जागच्या जागी होती, जिनं मी दहादा तीन काढलं होतं तीच. एका अक्षराला हात न लावता कालपर्यंत चालणारी गोष्ट आज का चालू नये? मागं बसलेल्या चैताली मॅडमना बोलायची परवानगी नव्हती, पण त्यांची खुर्ची करकरली तेवढी ऐकू आली.

मी अट वर केली, खाली केली. एक मिळवायचा तो मागं घेतला, पुढं घेतला. आता मी विचार करत नव्हते, नुसती चाचपडत होते. आणि मग मी ते केलं ज्याची मला अजून लाज वाटते. मी एक मोजणी घातली आणि अट लिहिली, पाच झाले की थांब. चालवलं. पडद्यावर आलं, पाच.

"आलं, मॅडम," मी म्हणाले.

राजश्री मॅडमनी चष्मा लावून कोड वाचला. "सहा पिढ्यांचं घर आलं तर?"

पाचचं सहा करायला मी बोट पुढं केलं आणि मागं घेतलं.

"उत्तर आधीच माहीत असेल तर मोजायचं कशाला?"

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं घड्याळाकडे बघितलं. निम्मा वेळ गेला होता. खालून झेरॉक्स मशिनचा आवाज येत होता आणि मला डोळ्यांसमोर दुकानाचा गल्ला दिसत होता. मी ती पाचची अट पुसली आणि घरी फोन लावला, कारण आता नावंच चुकली असतील एवढीच एक आशा उरली होती.

फोन अण्णांनी उचलला. "परीक्षा न्हाई का तुजी?"

"तीच चालू हाय. अण्णा, आपल्या घरातली नावं सांगा. अप्पापासून वर."

अण्णांना हे फार आवडतं. त्यांनी एका दमात म्हटलं, "रुद्रप्पा, केदारनाथ, रुद्रप्पा, केदारनाथ, रुद्रप्पा." माझ्या माहितीत तेच होतं. काहीच चुकलेलं नव्हतं.

"मग केदारनाथचा बाप कोण?" मी जवळजवळ ओरडलेच.

"रुद्रप्पा."

"आन् त्या रुद्रप्पाचा?"

"केदारनाथ. अगं पर तू कोणत्या केदारनाथचं इचारतीस? माजं का माज्या आज्याचं?"

मागून आईचा आवाज आला. "अहो, तिला नीट इस्कटून सांगा की. तुमी येगळे, मामंजी येगळे, मामंजींचे वडील येगळे. पोरगी घोटाळ्यात पडली असंल."

मी फोन कानाला तसाच धरून पडद्याकडे बघत राहिले. आई नावं घेत नाही. त्यामुळे तिच्या बोलण्यात दोन केदारनाथ कधी एकमेकांत मिसळतच नाहीत. तिच्याकडे माणसं आहेत. माझ्या प्रोग्रॅमकडे फक्त नावं होती, आणि एका नावाचा त्याच्या लेखी एकच माणूस. प्रश्न आजोबांकडून पणजोबांकडे जायला निघायचा, केदारनाथ अशी हाक मारायचा, आणि ओ कोण द्यायचं? माझे अण्णा. ते पुन्हा आजोबांकडे पाठवायचे. रांग दारापर्यंत जातच नव्हती, घरातल्या घरात गोल फिरत होती.

"ठेवते," मी म्हणाले आणि ठेवला.

मग मात्र हात चालले. प्रत्येक माणसाला स्वतःचा एक आकडा दिला. नाव फक्त त्याला चिकटवलेली चिठ्ठी, दोघांची एकच असली तरी बिघडत नाही. बापाला विचारायचं ते आकड्यानं. चालवलं. पाच. या वेळी खरं पाच.

राजश्री मॅडम पहिल्यांदा जराशा हसल्या. "आता उलटं करा. सगळ्यात वरच्या रुद्रप्पांपासून खाली या. त्यांची मुलं, मुलांची मुलं, सगळं घर छापा."

हे तर मी सरावात केलेलं होतं. माणसाचं नाव छाप, मग त्याच्या प्रत्येक मुलासाठी स्वतःलाच बोलाव. मुलं नसतील तर थांब. पहिल्या फटक्यात चाललं. पडद्यावर पाच नावं, एकाखाली एक, पायऱ्यांसारखी उतरत गेलेली.

रुद्रप्पा. केदारनाथ. रुद्रप्पा. केदारनाथ. रुद्रप्पा.

मला वाटलं, झालं. आता पवननं खुशाल हसावं.

"प्रत्येक पिढीत एकच मूल?" मॅडमनी विचारलं.

"हो... म्हणजे..."

"यात तुम्ही कुठे आहात?"

मी पडद्यावर माझं नाव शोधलं. खरंच शोधलं, वरून खाली. असेल कुठेतरी असं वाटून. स्वतःच्या हातानं भरलेली माहिती, वीस मिनिटांपूर्वी, कुणी सांगितलं नव्हतं, दरडावलं नव्हतं. मी, जी जेवताना अण्णांशी वाद घालते, आईच्या रीतीभातींना नावं ठेवते, तीच मी पिढ्या मोजायला बसले तेव्हा सुरुवात धाकट्या भावापासून केली आणि स्वतःला घालायचं मला सुचलंसुद्धा नाही. माझा संताप संताप झाला, आणि या वेळी तो काढायला समोर दुसरं कुणी नव्हतं.

"चुकलं, मॅडम. घालते."

केदारनाथच्या मुलांत मी 'कावेरी' घातलं. मग एकदा हात लागल्यावर राहवेना. आजोबांच्या मुलांत सुंदरबाई आणि छबुबाई घातल्या, माझ्या दोन्ही आत्या. वेळ संपत आला होता आणि मॅडमनी हे सगळं मागितलेलंही नव्हतं. तरी मी पुन्हा फोन लावला.

"आता काय?" अण्णा म्हणाले. दुकानात गर्दी असावी.

"आजोबांना बहीण व्हती का?"

"व्हती की. दगडाआत्या. लई जीव व्हता तिचा माज्यावर."

"आन् पणजोबांना?"

"व्हती. एक व्हती. बार्शीला दिल्याली."

"नाव?"

मागं कुणीतरी तेलाची पिशवी मागत होतं. "नाव... थांब हां. अगं ए, त्या बार्शीच्या आत्याचं नाव काय गं?" आईचा आवाज आला, "सासूबाई नुसतं 'बार्शीची' म्हणायच्या. पंचमीला 'बार्शीचीला' बांगड्या धाडल्या का, असं. नाव न्हाई ऐकलं कवा."

"कावून पाहिजे पर?" अण्णांनी विचारलं. मला उत्तर द्यायला वेळ नव्हता.

मी आजोबांच्या शेजारी 'दगडाबाई' घातलं आणि थोरल्या केदारनाथच्या शेजारी टाइप केलं, 'बार्शीची'. चालवलं. आता झाड जरा भरलेलं दिसत होतं.

राजश्री मॅडमनी वाचलं. "बार्शीची हे नाव आहे?"

"नाही, मॅडम. नाव कुणालाच माहीत नाही."

"त्यांच्याखाली काही नाही. दगडाबाईंच्या खालीही नाही. सुंदरबाई, छबुबाई, कुणाच्याच खाली नाही. या कुणालाच मुलं नव्हती?"

"होती. छबुआत्याला चार आहेत."

"मग तुमचं फंक्शन तिथं का थांबतं?"

"मुलं नसतील तर थांब अशी अट आहे."

"ती तुम्ही लिहिलेली अट. तुम्ही भरलेल्या माहितीत काय अट आहे?"

मला उत्तर लगेच कळलं होतं. पण ते सांगणं पुण्याच्या बाईसमोर आपलं घर उघडं पाडल्यासारखं वाटत होतं, आणि खोटं बोलायला एक जागाही होती. वेळ कमी होता, बाकीची नावं घालायची राहिली, असं म्हणता आलं असतं. अर्धं खरंही होतं ते.

"मुलगी आली की थांब," मी म्हणाले. "ती अट मी लिहिली नाही, मॅडम. पण भरली मीच."

त्यांनी मान हलवली आणि वेळ संपल्याचं सांगितलं.

चौघांचं उरकेपर्यंत दुपार टळून गेली. आम्ही खाली झेरॉक्सच्या दुकानासमोर उभे होतो. पवन पुण्यात राहायचं कुठं याची चौकशी करत होता, आणि मी मनातल्या मनात दुकानात बसायची तयारी करत होते. चैताली मॅडम जिन्यावरून उतरल्या आणि मला बाजूला घेतलं.

"पाच लिहून मोकळी झालीस ना, तेव्हा तुझं गेलंच होतं," त्या म्हणाल्या. "राजश्री मॅडमनी तसं लिहूनही ठेवलं होतं. 'भरली मीच' म्हणालीस तेव्हा खोडलं. निवड तुझी आहे."

मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही, पण त्याच्या मागोमाग अण्णा आठवले.

"उद्या सकाळी नऊच्या आत हो किंवा नाही कळवायचं. सोमवारी हजर व्हायचं आहे. तुझं 'हो' आलं नाही तर पवन. कावेरी, घरचं काय?"

"बघू," मी म्हणाले, आणि स्वतःच्याच तोंडून तो शब्द ऐकून मला चीड आली.

आमच्या गावच्या, धर्मापुरीच्या गाडीत मी सगळं भांडण घोकलं. अण्णा हे म्हणतील, मी ते म्हणेन. ते म्हणतील एकली राहणार कशी, मी म्हणेन अप्पा लातूरला एकलाच राहतो. ते म्हणतील अप्पाचं येगळं. तिथं मी काय म्हणणार होते ते मला गाव आलं तरी सुचलं नाही.

दुकानापुढं दोन गिऱ्हाइकं ताटकळत उभी होती आणि अण्णा त्यांच्याकडे पाठ करून फोनवर बोलत होते. आई गल्ल्यावर बसली होती, ती एरवी दुकानात बसत नाही. तिनं मला डोळ्यांनीच खुणावलं की आत्ता काही बोलू नको. अण्णांनी फोन ठेवला. त्यांचा चेहरा उतरलेला होता. मला वाटलं, कुणी गेलं.

"तुजा फोन आल्यापासून ह्येच चाललंय," आई हळूच म्हणाली. "जेवले बी न्हाईत."

"माज्या आज्याची सख्खी बहीण," अण्णा म्हणाले. माझ्याशी की स्वतःशी, कळत नव्हतं. "ह्याच घरात जन्मली. ह्याच अंगणात खेळली असंल. उदगीरच्या भावकीला फोन केला. शेजारच्या राधाकिशनकाकाला इचारून आलो, नव्वदीच्या पुढं हाय त्यो. सगळे म्हणतेत, बार्शीची. मग म्हणलं तिच्या सासरी तरी ठावं असंल. बार्शीचा नंबर काढला. तिच्या नातवाची सून बोलली."

"मग? काय म्हणाली?"

"म्हणली, आमच्यात त्यांला 'धर्मापुरीची' म्हणायचे."

गिऱ्हाइकांतली एक बाई पिशवी या हातातून त्या हातात घेत राहिली.

भांडायचं सगळं माझ्या तोंडात तयार होतं. त्यातलं मला एकही वाक्य आठवेना. "अण्णा, निवड झाली," मी एवढंच म्हणाले. "सोमवारी जायचंय. उद्या सकाळी कळवावं लागंल."

अण्णांनी त्या बाईच्या हातून पिशवी घेतली. साखर मोजली, पुडा बांधला, दोरा तोडला. पुडा तिच्या हातात दिल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"आत्ताच कळव. जा म्हणलो म्हणून सांग," ते म्हणाले. "आन् एक ध्यानात ठेव. तिथं कुणी कुठली म्हणून इचारलं तर धर्मापुरीची म्हणून गप बसू नको. आधी नाव सांग."